सात दिवसांत तीन महिने पुढे

दर वर्षी अकरावीच्या वर्गात मी एक सोपा प्रश्न विचारतो. हिवाळ्यात थंडी का पडते? निम्म्या वर्गाचे उत्तर ठरलेले असते : "सर, सूर्य लांब जातो म्हणून." प्रत्यक्षात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरांवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरांवर. मग मी फळ्यावर तिरप्या किरणांची आकृती काढतो, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून या वेळी फळा बाजूला ठेवू आणि एका लांबच्या प्रवासाला जाऊ.

उत्तर अमेरिकेत ज्यांना 'स्नोबर्ड', म्हणजे हिमपक्षी, म्हणतात ती माणसे तुम्हांला ठाऊक आहेत का? नोकरीतून निवृत्त झालेली ही मंडळी कॅनडातून आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतून हिवाळा सुरू होताच दक्षिणेकडे निघतात आणि बर्फ वितळल्यावर परततात. त्यांतले कित्येक आपले घरच बरोबर नेतात. बसएवढ्या मोटारीत बिछाने, स्वयंपाकाचा ओटा, संडास-न्हाणी, पाण्याची टाकी, गॅसची टाकी आणि विद्युतघट, सारे काही असते. तिकडे या वाहनाला 'आर.व्ही.' म्हणतात. आपण त्याला मोटारघर म्हणू.

आता नकाशाचे पुस्तक उघडा. कॅनडातील विनिपेग हे शहर शोधा. अक्षांश ४९.९ उत्तर, रेखांश सुमारे ९७ पश्चिम. तेथे पट्टी ठेवून सरळ खाली या. फार्गो, सू फॉल्स, विचिटा, ओक्लाहोमा सिटी, डॅलस आणि अगदी तळाशी मेक्सिकोच्या सीमेला टेकलेले टेक्सासमधील मॅकॅलन, अक्षांश २६.२ उत्तर. पट्टी फारशी हललीच नाही! ही सारी गावे ९७ अंश रेखांशाच्या एक-दीड अंश इकडे-तिकडे आहेत. रस्ता तेवढा मध्येच पूर्वेला वळून कॅन्सस सिटीला जाऊन येतो, पण घड्याळ कोठेही बदलावे लागत नाही. सगळीकडे सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारासच माथ्यावरची रेषा ओलांडतो. रस्त्याने हे अंतर सुमारे तीन हजार किलोमीटर भरते.

प्रयोगशाळेत आपण काय करतो? एक राशी बदलतो आणि बाकीच्या स्थिर ठेवतो. या प्रवासात रेखांश जवळजवळ स्थिर आहे. निघण्याची तारीख १९ डिसेंबर ठेवली आणि २५ डिसेंबरला पोहोचलो, तर सूर्यही स्थिर आहे असे म्हणता येते. अयनदिनाच्या आसपास तो आकाशात दक्षिणेकडे जायचा थबकतो आणि या सात दिवसांत त्याची क्रांती अंशाच्या दहाव्या भागानेही बदलत नाही. मग बदलतो तो फक्त अक्षांश. असा स्वच्छ प्रयोग क्वचितच हाती लागतो. बरोबर एक मीटर लांबीची सरळ काठी आणि मोजपट्टी घ्या. मोटारघराचे मालक असलेले निवृत्त जोडपे आहे, त्यांना आपण आजी-आजोबाच म्हणू. ते वाट पाहत आहेत.

उणे पंचवीस अंशांत निघताना

विनिपेगमध्ये पहाटेचे तापमान उणे २५ अंश सेल्सिअस आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे यात विशेष काही नाही. आजोबांच्या गाडीच्या नाकातून एक विजेची तार बाहेर आलेली दिसेल. इंजिनात बसवलेला छोटा तापक रात्रभर घरच्या विजेवर चालू होता. तो नसता तर इंजिनातले तेल काकवीसारखे घट्ट झाले असते आणि सकाळी इंजिन फिरले नसते.

आत शिरल्यावर तहान लागली म्हणून नळ सोडू नका. नळातून पाणी नव्हे, गुलाबी द्रव येईल. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि त्यापुढे नळ, पंप, तोट्या कशाचाच टिकाव लागत नाही. म्हणून हिवाळ्यापूर्वी सगळे पाणी काढून टाकतात आणि नळांत प्रॉपिलीन ग्लायकॉलचे द्रावण भरतात. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात बहुधा त्याचाच भाऊ एथिलीन ग्लायकॉल मिसळतात, पण तो विषारी असल्यामुळे पिण्याच्या नळात चालत नाही. पिण्यासाठी आजींनी प्लॅस्टिकचे कॅन भरून बिछान्याशेजारी ठेवले आहेत. पहिले तीन-चार दिवस मोटारघरात वाहते पाणी नाही. संडासातसुद्धा तोच गुलाबी द्रव ओततात.

चाकांकडे पाहा. आजोबांनी या थंडीत टायरमध्ये ८० पौंड दाबाची हवा भरली असेल तर मॅकॅलनला २५ अंश उष्णतेत ती किती होईल? घाई करून ८० ला तापमानांच्या गुणोत्तराने गुणू नका. दाबमापक दाखवतो तो वातावरणाच्या वरचा दाब. म्हणून आधी १४.७ मिळवा : ९४.७. तापमान केल्विनमध्ये घ्या : २४८ चे २९८ झाले. गुणाकार केला की ११३.८ येतात आणि त्यांतून १४.७ वजा केले की ९९ पौंड. एक थेंबही हवा न भरता दाब जवळजवळ पावपटीने वाढला! म्हणून आजोबा रोज सकाळी, गाडी हलण्याआधी, चाके तपासतात आणि दक्षिणेला जाताना थोडी थोडी हवा सोडत जातात.

काठी रोवा. साडेबाराला सावली मोजली तर ती ३३३ सेंटिमीटर भरेल, काठीच्या तिपटीहून जास्त. सूर्य क्षितिजापासून अवघा १६.७ अंश वर आहे.

पहिली रात्र

दुपारी ४९ व्या अक्षांशावरची सीमा ओलांडून आपण रेड नदीच्या खोऱ्यातून चाललो आहोत. जमीन इतकी सपाट आहे की डोळे थकतात. हिमयुगाच्या अखेरीस येथे ॲगॅसी नावाचे प्रचंड सरोवर होते, त्याचा हा तळ. अडवायला टेकडी नाही, झाड नाही, त्यामुळे वारा मोकाट. समजा वारा सेकंदाला २० मीटर वेगाने बाजूने आला. हवेची घनता १.२ धरून त्याचा दाब दर चौरस मीटरला २४० न्यूटन येतो, आणि मोटारघराची कूस २२ चौरस मीटर असेल तर एकूण जोर पाच हजार न्यूटनांच्या वर, म्हणजे पाचशे किलोहून अधिक वजनाने कोणी बाजूने ढकलल्यासारखे. खाली बर्फाळ रस्ता. अशा वेळी या भागात महामार्गावर चढण्याच्या जागी रेल्वेसारखी फाटके लावून रस्ता बंद करतात, आणि शहाणी माणसे मुकाट्याने थांबतात. आपणही फार्गोला मुक्काम करू.

येथून पुढची बारा तास ही साऱ्या प्रवासातली कसोटीची वेळ आहे, म्हणून थोडा हिशेब सावकाश करू. उत्तरेकडील शिबिरस्थळे हिवाळ्यात बहुधा बंद असतात. गाडी एखाद्या मोठ्या आवारात उभी केली आहे आणि बाहेरून वीज मिळत नाही. बाहेर उणे २५, आत २० अंश हवेत. फरक ४५ अंशांचा. मोटारघराच्या भिंती, छत, जमीन आणि खिडक्या मिळून सुमारे ८० चौरस मीटर पृष्ठभाग आहे. भिंती पातळ, खिडक्या त्याहून वाईट. साधारण हिशेबाने दर अंश फरकामागे १०० वॅट उष्णता बाहेर जाते असे धरू. म्हणजे ४५०० वॅट! दोन-दोन किलोवॅटच्या दोन शेगड्या आणि वर थोडे अधिक. दहा तासांत ४५ किलोवॅट-तास झाले. एक किलो प्रोपेन जाळून सुमारे १२.८ किलोवॅट-तास मिळतात, पण तापभट्टीच्या धुरातून पाचवा हिस्सा वाया जातो. तेव्हा एका रात्रीला साडेचार किलो गॅस लागला. आपल्या घरचा १४.२ किलोचा सिलिंडर येथे तीन रात्रींत संपला असता.

आणि खरे सांगायचे तर तो येथे पेटलाच नसता, निदान नीट पेटला नसता. घरच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू सुमारे उणे अर्धा अंश. उणे २५ अंशांत तो सिलिंडरच्या तळाशी मुकाट द्रव होऊन बसेल, कारण त्याचा बाष्पदाब बाहेरच्या हवेहून कमी. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांना उकळतो. म्हणून थंड देशांत शुद्ध प्रोपेन वापरतात. २५ अंशांत त्याचा टाकीतील दाब वातावरणाच्या साडेनऊ पट असतो, तोच उणे २५ ला केवळ दुप्पट उरतो. एवढाही शेगडीला पुरतो. शिवाय द्रवाची वाफ होताना लागणारी अप्रकट उष्मा टाकीच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेकडूनच घ्यावी लागते, त्यामुळे टाकी हवेहूनही थंड होते. टाकी रिकामी होत आली की द्रवाला टेकलेला पत्रा कमी होतो आणि ही उष्णता मिळणे अवघड जाते. म्हणून आजोबांनी निघताना टाकी काठोकाठ नव्हे, पण नियमाप्रमाणे पूर्ण भरून घेतली. विनिपेगमध्ये २४ डिसेंबर १८७९ रोजी पारा उणे ४७.८ अंशांवर गेल्याची नोंद आहे. त्या रात्री उघड्यावरच्या टाकीतील प्रोपेननेसुद्धा हात टेकले असते!

गॅस आहे, मग झोपायला हरकत नाही? थांबा. तापभट्टीची गरम हवा पंख्याने खोलीत येते आणि पंखा विद्युतघटावर चालतो. पंखा थांबला की सुरक्षेसाठी गॅसही आपोआप बंद होतो. पंख्याला ७ अँपिअर लागतात आणि दहा तासांपैकी तो दोन-तृतीयांश वेळ चालतो असे धरले, तर ४७ अँपिअर-तास खर्च झाले. घटावर १०० लिहिले आहे ना? ते २५ अंशांतले. शिसे-आम्ल घटातील रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात आणि उणे २० च्या खाली त्याची क्षमता निम्म्यावर येते. म्हणजे हाती आहेत पन्नास, खर्च सत्तेचाळीस. पहाटे चारला आजोबांची झोप उडते ती उगाच नाही.

याहून वाईट पुढे आहे. पूर्ण भारित घटात गंधकाम्ल भरपूर असते आणि ते द्रावण उणे ६० अंशांपर्यंत गोठत नाही. घट रिकामा होत जातो तसे आम्ल शिशाच्या पट्ट्यांत शिरते आणि मागे जवळजवळ पाणी उरते. पूर्ण रिकामा घट उणे १० च्या आसपास गोठतो आणि त्याची पेटी तडकते. म्हणजे थंडीत रिकामा झालेला घट नुसता झोपत नाही, तो मरतो. हल्लीचे लिथियमचे घट यापेक्षा बरे, पण त्यांची एक खोड आहे. शून्याखाली त्यांना भारित करायला गेले की लिथियम धातूचा थर आत साचून ते बिघडतात. छतावर सौरपत्रे आहेत, पण त्यांच्यावर बर्फ, दिवस साडेआठ तासांचा आणि ऊन तिरपे. आजोबांनी एकाऐवजी दोन घट ठेवले आहेत, ते या हिशेबामुळेच.

समजा पंखा थांबला. थंडीने जागे होऊन स्वयंपाकाची शेगडी पेटवावी असे कोणालाही वाटेल. मित्रांनो, ही मोठी चूक आहे. तापभट्टीचा धूर नळीने बाहेर जातो, शेगडीचा आतच राहतो. बंद जागेत प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून बसतो. माणूस झोपेतच जातो. मोटारघरात या वायूचा इशारा देणारी घंटा असते, आणि तिचा विद्युतघट तपासल्याशिवाय आजी दिवा मालवत नाहीत. आपल्याकडेही थंडीच्या दिवसांत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात. वायू तोच, कारण तेच.

शेगडीची दुसरी खोडी त्यामानाने निरुपद्रवी. समीकरण लिहून पाहा. प्रोपेनच्या ४४ ग्रॅमपासून ७२ ग्रॅम पाणी होते, म्हणजे किलोमागे १.६ किलो वाफ. त्यात झोपलेला प्रत्येक माणूस रात्रीतून श्वास आणि त्वचा यांवाटे पाव लिटरभर पाणी सोडतो. २० अंशांची हवा घनमीटरमागे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, उणे २० ची जेमतेम एक ग्रॅम. उरलेले कोठे जाईल? सकाळी खिडकीच्या आतल्या बाजूला बोटभर तुषार जमलेला दिसेल आणि कपाटामागची भिंत ओली.

सावली आखडते

रात्र पार पडली. सू फॉल्सलाही अशीच जाते, फक्त थोडी सौम्य. पुढचे दोन दिवस, कॅन्सस सिटी आणि ओक्लाहोमा सिटी, नुसते चालवण्याचे. शेते, धान्याची उंच कोठारे, पुन्हा शेते. आपण मात्र दुपारी साडेबाराला गाडी थांबवून काठी रोवत आलो आहोत. फार्गोला सावली २७९ सेंटिमीटर, सू फॉल्सला २३४, कॅन्सस सिटीला १९२, ओक्लाहोमा सिटीला १६६, डॅलसला १४९, सॅन अँटोनिओला १३२ आणि सातव्या दिवशी मॅकॅलनला ११८.

एक गोष्ट लक्षात आली का? विनिपेग ते फार्गो तीनच अंश अक्षांश, पण सावली ५४ सेंटिमीटरांनी घटली. सॅन अँटोनिओ ते मॅकॅलनही तीन अंशांहून थोडे जास्त, पण घट १४ सेंटिमीटरांची. सावलीची लांबी सूर्याच्या उन्नतांशाच्या कोटॅंजंटप्रमाणे बदलते आणि कोटॅंजंटची वक्ररेषा सुरुवातीला कड्यासारखी उतरते, मग सपाट होते. त्रिकोणमितीच्या कोष्टकात जी रेषा कंटाळवाणी वाटते, तीच येथे जमिनीवर पडलेली आहे.

आता मला जे सांगायचे आहे तेथे येतो. मॅकॅलनला मध्यान्हीचा सूर्य किती वर आहे? ९० वजा २६.२ वजा २३.४, म्हणजे ४०.४ अंश. हाच सूर्य विनिपेगला एवढ्या उंचीवर कधी येतो? २१ मार्चला, विषुवदिनी, तेथे मध्यान्हीचा उन्नतांश ९० वजा ४९.९, म्हणजे ४०.१ अंश असतो. जवळजवळ तोच! हा योगायोग कसा झाला ते पाहा. दोन गावांतील अक्षांशांचा फरक २३.७ अंश आहे आणि पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला आहे. डिसेंबर ते मार्च या तीन महिन्यांत पृथ्वी सूर्याभोवती पाव फेरी मारून विनिपेगकरांसाठी जे करते, ते आजोबांनी सात दिवसांत पेट्रोल जाळून केले. माध्यान्हीच्या सूर्यापुरते बोलायचे तर आपण तीन महिने पुढे आलो आहोत.

या एवढ्याशा कोनाने काय साधते? विनिपेगला चौरस मीटरभर किरणांचा झोत साडेतीन चौरस मीटर जमिनीवर पसरत होता, मॅकॅलनला तो दीड चौरस मीटरांवर पडतो. दिवसही आठ तासांचा साडेदहा तासांचा झाला. दोन्ही मिळून दिवसभराचा हिशेब केला, तर वातावरणाच्या माथ्यावर पोहोचणारी उष्णता विनिपेगच्या जवळजवळ तिप्पट भरते. सूर्य तितकाच दूर आहे, फक्त झोत एकवटला आहे.

पण चौकस विद्यार्थी येथे मला अडवील, आणि त्याने अडवावेच. सर, सूर्य सारखाच उंच, तर मग मार्चमध्ये विनिपेगलाही डिसेंबरातल्या मॅकॅलनसारखी ऊब हवी. तेथे मार्चची सरासरी तर शून्याच्या खाली असते, आणि मॅकॅलनला डिसेंबरात दुपारचा पारा वीस अंशांच्या वर! हा फरक का?

कारण जमिनीला आठवण असते. विनिपेगची जमीन मार्चमध्ये बर्फाने झाकलेली असते. ताजा बर्फ पडणाऱ्या उन्हापैकी ८० टक्क्यांहून अधिक परत फेकतो. जे उरते ते आधी बर्फाला शून्यावर आणण्यात आणि मग वितळवण्यात खर्च होते. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात आणि तोवर तापमापकातला पारा जागचा हलत नाही. मॅकॅलनची जमीन उलट उन्हाळाभर तापलेली, आणि शेजारी मेक्सिकोचे आखात. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते, त्यामुळे ऑगस्टची ऊब ते डिसेंबरातही वाऱ्यावरून थोडी थोडी परत देत असते. आजोबांनी सूर्य मार्चचा गाठला, पण जमीन आणि समुद्र शरद ऋतूतले. खरा फायदा दोन्ही मिळून आहे.

डॅलसच्या पुढे रात्रीचा पारा बहुधा शून्याच्या वर राहू लागतो. तेथेच कोठेतरी आजोबा गाडी थांबवतात, गुलाबी द्रव काढून टाकतात, टाकीत पाणी भरतात आणि सगळ्या तोट्या सोडून नळ धुऊन घेतात. सहा दिवसांनी न्हाणीतून गरम पाणी येते. पहिला नंबर आजींचा. आता रात्री बाहेर १० अंश आहेत, फरक केवळ दहाचा, तेव्हा साडेचार किलोच्या जागी एक किलो गॅस पुरतो.

त्याच रस्त्याने थंडीही येते

मॅकॅलनच्या परिसराला रिओ ग्रांदे खोरे म्हणतात. तेथे पपनसासारख्या ग्रेपफ्रूटच्या बागा आहेत, ताडाची झाडे आहेत आणि हिवाळ्यात उत्तरेकडच्या पाट्या लावलेल्या मोटारघरांच्या वसाहती. स्थानिक लोक या पाहुण्यांना 'विंटर टेक्सन' म्हणतात.

मात्र नळांची भीती येथेही पूर्ण सुटत नाही. नकाशावर पुन्हा ९७ अंशांची रेषा पाहा, या वेळी डोंगर शोधा. रॉकी पर्वत पश्चिमेला उत्तर-दक्षिण, ॲपालेशियन पूर्वेला, तेही साधारण उत्तर-दक्षिण. मधल्या मैदानात ध्रुवप्रदेशापासून आखातापर्यंत आडवी भिंत कोठेच नाही. ज्या मोकळ्या रस्त्याने आपण खाली आलो, त्याच रस्त्याने थंड, जड हवाही खाली वाहते. आपल्याला सात दिवस लागले, तिला दोन-तीन पुरतात. टेक्सासमध्ये अशा थंडीच्या लोंढ्याला 'नॉर्दर' म्हणतात. दुपारी सदऱ्यावर बसलेला माणूस संध्याकाळी कुडकुडत असतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये असा लोंढा आला तो सर्वांच्या लक्षात राहिला. १६ फेब्रुवारीला डॅलसचा पारा उणे १९ अंशांवर गेला. वीजकेंद्रे आणि गॅसच्या वाहिन्या या थंडीसाठी बांधलेल्याच नव्हत्या. लाखो घरे दिवसेंदिवस अंधारात आणि गारठ्यात राहिली, नळ फुटले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांतली काही कार्बन मोनॉक्साईडने गेली, घरात ऊब आणण्याच्या धडपडीत. रिओ ग्रांदे खोऱ्यातही पाणी गोठले आणि फळबागांचे मोठे नुकसान झाले. जवळच्या साउथ पाद्रे बेटावर हजारो समुद्रकासवे गारठून निश्चल झाली. स्वयंसेवकांनी ती उचलून एका मोठ्या सभागृहात जमिनीवर ओळीने ठेवली आणि पाणी कोमट झाल्यावर पुन्हा समुद्रात सोडली. त्या आठवड्यात उत्तरेकडून आलेल्या आजी-आजोबांना काय करायचे ते ठाऊक होते. ज्यांचे सारे आयुष्य दक्षिणेत गेले, त्यांना नव्हते.

सॅन अँटोनिओ २९.४ अंशांवर आहे आणि आपली दिल्ली २८.६ वर. सूर्य दोघींना जवळजवळ सारखाच दिसतो. तरी दिल्लीला उणे दहा-बारा अंश कधी भोगावे लागत नाहीत, कारण तिच्या उत्तरेला हिमालय पूर्व-पश्चिम आडवा उभा आहे. सैबेरियाची थंड हवा पलीकडेच अडते. दख्खनवर तर तिचा मागमूसही पोहोचत नाही.

आता काठी तुमच्या हातात आहे. येत्या २२ डिसेंबरला ती शाळेच्या मैदानावर ओळंब्याने सरळ उभी करा. घड्याळात बारा वाजता मोजू नका, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचे आहे. पुण्याला मध्यान्ह १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमारास होईल, मुंबईला १२.३७ ला, नागपूरला १२.१२ ला. पंधरा मिनिटे आधीपासून मोजत राहा आणि सर्वांत आखूड सावली घ्या. ती कोल्हापूरला सुमारे ८४ सेंटिमीटर, पुण्याला ९०, मुंबईला ९१ आणि नागपूरला ९८ यायला हवी. या लांबीवरून सूर्याचा उन्नतांश काढा, तो ९० तून वजा करा, त्यातून २३.४ वजा करा, की तुमचा अक्षांश मिळाला. सावलीचे टोक थोडे पुसट दिसेल, कारण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. पुसट पट्ट्याचा मध्य धरा. पुण्यात एक सेंटिमीटर चुकलात, तर जमिनीवर सुमारे पस्तीस किलोमीटर चुकाल.